गाडी जपानची, आवाज आईचा

मोटारीत गाणी वाजणे ही आता कौतुकाची बाब उरलेली नाही. भाजीच्या टेम्पोत वाजतात, आणि ट्रॅक्टरवर तर शेजारच्या गावाला ऐकू जावीत अशी वाजतात. पण आमच्या पिढीतल्या वाचकांना आठवत असेल, एकेकाळी नुसता रेडिओ बाळगायलाही सरकारी परवाना लागे. तो टपाल कचेरीत जाऊन नवा करून आणावा लागे आणि मोटारीतला रेडिओही त्यातून सुटलेला नव्हता. १९८०च्या दशकात ती कटकट संपली. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसेल असा रेडिओ बाजारात आणला आणि ‘मोटर’ या शब्दाला शेपूट जोडून ‘मोटोरोला’ हे नाव काढले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट दाखवली. १९८४ साली मोटारीत सीडी आली. ही सगळी मजल आपल्याकडे बहुतेकांनी दुसऱ्याच्या गाडीत डोकावूनच पाहिली.

शिरवळच्या माणसाला असे डोकावायला भरपूर वाव होता. पुण्याकडून येताना सारोळ्याचा पूल ओलांडला, नीरा नदी मागे पडली की सातारा जिल्हा लागतो आणि पहिले मोठे गाव आमचे. पुढे खंबाटकीचा घाट. त्यामुळे घाट चढायच्या आधी किंवा उतरून झाल्यावर गाड्या इथे चहाला थांबत. ऐंशी-नव्वदच्या दशकात ‘व्हिडिओ कोच’ अशी पाटी मिरवणाऱ्या खासगी बसगाड्या रात्री याच रस्त्याने जात. केबिनच्या पाठीला टांगलेला दूरचित्रवाणी संच, त्यावर थरथरणारा सिनेमा आणि खिडक्यांतून बाहेर पडणारा निळसर उजेड. आम्ही पोरे रस्त्याकडेला उभे राहून फुकटात नायिकेचे अर्धे गाणे पाहून घेत असू. त्या गाड्यांत एक शहाणपण होते, ते तेव्हा कळले नव्हते. पडदा प्रवाशांसमोर असे, ड्रायव्हरच्या पाठीमागे. गाडीतला एकच माणूस सिनेमाला मुकायचा आणि नेमका तोच मुकायला हवा होता.

आमच्या दारात परदेशी गाडी आली ती १९९३ साली. माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, जपानात नागोयाजवळ यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला होते. परदेशचा मुक्काम हलवून कायमचे परत येणाऱ्याला स्वतःच्या वापरातली एक मोटार जकात भरून आणता येत असे. तशी दादांनी आपली टोयोटा कोरोला आणली. जकातीचा आकडा ऐकून वडील दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. सुकाणू आपल्यासारखे उजव्या हाताला, म्हणून चालवायची अडचण नव्हती. अडचण होती ती वाचायची. माहितीपुस्तक जपानीत, बटणांवरची काही अक्षरे जपानीत, आणि रेडिओ तर मनानेही जपानीच.

हे शेवटचे जरा उलगडून सांगतो, कारण जुनी जपानी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला ते भोवते. आपल्याकडे एफ.एम. केंद्रे साधारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात. जपानात हा पट्टा ७६ ते ९० एवढाच होता, कारण ९०च्या वरची जागा तिकडे दूरचित्रवाणीच्या पहिल्या तीन वाहिन्यांना दिलेली होती. जुने प्रक्षेपण बंद झाल्यावर त्यांनी पट्टा ९५पर्यंत वाढवला, पण आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. तिचा काटा नव्वदला जाऊन भिंतीला टेकल्यासारखा थांबे. पुणे विविधभारती १०१वर, सातारा आकाशवाणी १०३.१वर. म्हणजे दोन्ही भिंतीपलीकडे.

दादा यंत्रातले माणूस. त्यांनी ओळखीच्या माणसाकरवी परदेशातून काड्यापेटीहून थोडे मोठे एक डबडे मागवले. श्रीलंका, केनिया, न्यूझीलंड अशा देशांत वापरलेल्या जपानी गाड्या ढिगाने जातात, त्यामुळे तिकडे ते दुकानात मिळते. एरियलची तार आधी या डबड्यात घालायची आणि तिथून रेडिओत. आलेली लहर ते १४ मेगाहर्ट्झने खाली उतरवते. मग १०१चे पुणे ८७वर लागते आणि १०३.१चे सातारा ८९.१वर. आमच्या घरात आजही कोणी ‘एकशेएक लाव’ म्हणत नाही. ‘सत्त्याऐंशी लाव’ म्हणतात आणि पाहुणे बुचकळ्यात पडतात.

पण त्या गाडीतला खरा ऐवज रेडिओ नव्हता. दादा नागोयाला होते तेव्हा टेलिफोन महाग, आणि गावात फोन होते तेही मोजके. आईला लिहिणे जमत नसे. म्हणून घरी एक टेपरेकॉर्डर घेतला होता आणि दर दोन-तीन महिन्यांनी आई कॅसेटवर पत्र ‘बोलत’ असे. सुरुवात अगदी रीतसर, ‘चिरंजीवास आईचा अनेक आशीर्वाद’ अशी. मग पाऊस किती झाला, गाय व्याली की नाही, कोणाचे लग्न ठरले. मध्येच जात्यावर म्हणायच्या ओव्या. मागे कोंबडा, एस.टी.चा भोंगा आणि ओसरीवरून वडिलांचा खोकला. वडील यंत्रापुढे यायला लाजत. एका कॅसेटच्या शेवटी मात्र ते येतात आणि म्हणतात, ‘पैसे नको पाठवूस, पत्र पाठव.’ संपले. त्यांचा आवाज आमच्याकडे आहे तो एवढाच.

या अकरा कॅसेट दादांनी जपानात त्याच गाडीत ऐकल्या आणि गाडीबरोबर परत आणल्या. पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाच्या कॅसेट त्यांच्या शेजारी, त्याच कप्प्यात. पुढे आईवडील गेले, काही वर्षांपूर्वी दादाही गेले. वहिनी आमच्याकडेच असतात. महिन्यातून एकदा डोळे दाखवायला त्यांना साताऱ्याला न्यावे लागते, तेव्हा खंबाटकीच्या पायथ्याला त्या हळूच कप्पा उघडतात. कुठली कॅसेट लावायची हे त्या ठरवतात. आम्ही विचारत नाही.

गेल्या वर्षी कॅसेटचे यंत्र आवाज ओढू लागले. आईचा आवाज जाड होऊ लागला, मग टेप गुंडाळून खाऊ लागले. आमच्या चिरंजिवांना ही संधी वाटली. त्यांचा बेत तयार होता: जुने सगळे काढायचे आणि समोर हातभर पडदा बसवायचा. त्यात नकाशा, गाणी, चित्रपट आणि मागचा रस्ता दाखवणारा कॅमेरा. ‘अप्पा, कॅसेट मी संगणकावर उतरवून देतो, एका नखाएवढ्या चिपमध्ये बसतील,’ असे त्याने सांगितले. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. चुंबकीय फीत दरवर्षी थोडी थोडी विसरते आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत तर लवकर विसरते. जगातही कॅसेटची सद्दी संपलेलीच आहे. अमेरिकेत कंपनीकडून कॅसेटसह मिळणारी शेवटची नवी मोटार २०१० सालची. तेव्हा नक्कल करून ठेवणे हे पहिले काम होते आणि ते त्याने मन लावून केले.

मात्र त्यात एक गंमत झाली. खरखर घालवणारी एक सोय संगणकात असते. ती वापरून त्याने पहिली कॅसेट अगदी लख्ख केली आणि वहिनींना ऐकवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, ‘मामंजींचा खोकला कुठे गेला?’ खरखरीबरोबर खोकला गेला होता, कोंबडा गेला होता, एस.टी.ही गेली होती. आई जणू कुठल्या तरी बंद खोलीत एकटीच बोलत होती. पोराने मुकाट्याने सगळ्या कॅसेट पुन्हा उतरवल्या, जशाच्या तशा, खरखरीसकट.

नक्कल झाली तरी मूळ यंत्र काढायला वहिनी तयार नव्हत्या, आणि मीही नव्हतो. साताऱ्यातल्या एका वयस्कर कारागिरांकडे ते नेले. त्यांनी उघडून पाहिले आणि म्हणाले, ‘पट्टा मेलाय साहेब, मोटर जिवंत आहे.’ आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. पट्टा बदलला, टेप पुढे ओढणारी रबरी चकती घासून घेतली, वाचणारे डोके स्पिरिटने पुसले. शेवटी एका बारीक स्क्रूने ते डोके फितीशी काटकोनात आणले. तो स्क्रू फिरवताना त्यांनी आमचीच कॅसेट लावली होती. आईच्या बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ स्पष्ट वेगळे ऐकू आले तेव्हा हात थांबवला. इतकी साधी परीक्षा.

आता नव्या सामानाकडे. पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि गाड्या सजवणाऱ्या दुकानांत हिंडल्यावर माझे जे मत बनले ते सांगतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४ × ५० वॅट’ छापलेले असते. त्याच यंत्राच्या पाठीमागचा फ्यूज पाहावा. आम्ही पाहिलेल्यात तो १० अँपिअरचा होता. गाडी चालू असताना विजेचा दाब फार तर १४ व्होल्ट, म्हणजे यंत्राला सलगपणे मिळू शकते ती सगळी मिळून १४० वॅट. त्यातून २०० वॅट आवाज कसा निघणार? तो आकडा क्षणभराच्या झटक्याचा. नेहमीची खरी ताकद दर स्पीकरला साधारण २० वॅट, आणि बंद काचांच्या मोटारीत तेवढी पुरून उरते.

दुसरी गोष्ट तारांची. काही जुन्या गाड्यांत स्पीकरची उणे तार थेट पत्र्याला जोडलेली असते. नव्या यंत्रांना ते चालत नाही, त्यांना प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र तारा लागतात. न पाहता जोडले तर यंत्र जळते. आणि बॅटरीपासून वेगळी जाड तार ओढली तर तिचा फ्यूज बॅटरीला लागूनच हवा, वीतभर अंतरात. गाडीच्या आत सीटखाली लावलेला फ्यूज मधली तार पत्र्याला घासून तापली तर काहीच वाचवत नाही. जुन्या गाडीतली आग पुष्कळदा अशाच चिकटपट्टीने गुंडाळलेल्या जोडातून लागते.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावरून माझे दुकानदाराशी वाजले. (दुकानाचे नाव सांगत नाही, कारण असे करणारे ते एकटे नाही.) चित्र दाखवणाऱ्या प्रत्येक चांगल्या यंत्रातून एक बारीक तार निघते, ती हॅण्डब्रेकला जोडायची असते. ब्रेक ओढलेला असेल, म्हणजे गाडी उभी असेल, तरच सिनेमा दिसावा अशी ती योजना. बसवणाऱ्या पोराने मला सहज विचारले, ‘काका, ही तार बॉडीला मारू ना? सगळे तसेच करून घेतात.’ बॉडीला मारली की यंत्राला वाटते, ब्रेक कायमचा ओढलेला आहे, आणि सिनेमा घाटातही चालू राहतो.

खंबाटकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. साताऱ्याकडून येताना बोगदा संपल्यावर इंग्रजी एससारखे जे वळण लागते, तिथे किती गाड्या उलटल्या हे आम्ही शिरवळकर वर्तमानपत्रात नव्हे, रुग्णवाहिकेच्या आवाजावरून मोजत आलो. त्या रस्त्यावर ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर नाचगाणे चालू ठेवायला मी पैसे मोजणार नाही, असे त्याला सांगितले. ‘मग पडदा घेताच कशाला?’ हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. आम्ही घेतला नाही.

घरी दोन संध्याकाळी वादात गेल्या. कॅमेऱ्याबद्दल चिरंजिवांचे म्हणणे मला पटले होते. आमच्या वाड्याचे दार अरुंद, मागे नातवंडे खेळत असतात आणि माझी मान आता पूर्ण वळत नाही. शेवटी असे ठरले. कॅसेटचे यंत्र वरच्या खणात होते तिथेच राहिले. त्याच्याखाली सुट्टे पैसे ठेवायचा जो खण होता, त्यात बिनपडद्याचे एक साधे यंत्र बसवले. त्यावर भारतीय पट्ट्याचा रेडिओ लागतो आणि मोबाइलमधली गाणी बिनतारी वाजतात. दोन यंत्रे एकाच स्पीकरला जोडता येत नाहीत, म्हणून कॅसेटचा आवाज एका छोट्या जोडणीतून कमी करून खालच्या यंत्रात सोडला. कारागिरांनी त्यासाठी एक मूळ तार कापली नाही. जपानी जोडाला जुळणारा दुसरा जोड आणून लावला, म्हणजे उद्या कोणाला सगळे पूर्ववत करायचे तर पाच मिनिटांत व्हावे. मागच्या कॅमेऱ्यासाठी तळहाताएवढा पडदा आरशाशेजारी लावला. त्याला वीज रिव्हर्सच्या दिव्याच्या तारेतून दिली आहे. गाडी मागे घेतली तरच तो उजळतो, पुढे निघाली की विझतो. नातवंडे त्यालाच ‘आजोबांचा टीव्ही’ म्हणतात आणि मला उगाच मागेपुढे करायला लावतात.

सगळा खर्च साडेनऊ हजारांत बसला, त्यात पट्ट्याचे पैसे सर्वांत कमी. दादांचे ते डबडे काढले नाही. त्यामुळे आता गाडीत दोन रेडिओ आहेत, वरचा सत्त्याऐंशीवाला आणि खालचा एकशेएकवाला, आणि बोगद्यात शिरलो की दोन्ही सारखेच गप्प होतात. कॅसेट तेवढी चालू राहते. डाव्या मागच्या स्पीकरचा कागद मात्र फाटला आहे. तेवढा दिवाळीनंतर बदलून देतो, असे कारागिरांनी कबूल केले आहे. तोवर वहिनी उजवीकडे बसतात.