जमिनीवर उभं केलेलं अंतराळ

मंडळी, घरातला संगणक जरा वेळ चालला की आतला पंखा घोंघावू लागतो. आतली गरम हवा तो बाहेर फेकतो. आता हाच संगणक अंतराळात नेला तर? पंखा फिरेल, पण फेकायला हवाच नाही! तिथे उष्णता एकतर धातूतून सरकत जाते, नाहीतर प्रारणाच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून साध्या खोलीत उत्तम चाललेलं यान वर गेल्यावरही तसंच चालेल, असं म्हणता येत नाही. त्यासाठी जमिनीवरच अंतराळ उभं करावं लागतं.

जेम्स वेब दुर्बिणीचंच उदाहरण घ्या. ह्यूस्टनला नासाचा 'चेंबर ए' नावाचा प्रचंड निर्वात कक्ष आहे, मुळात अपोलो मोहिमेसाठी बांधलेला. 2017 मध्ये वेबचे आरसे आणि उपकरणं त्यात सुमारे 100 दिवस बंद होती. कक्षातली हवा काढून घेतली. भिंतींना दोन आवरणं: बाहेरच्यात द्रव नायट्रोजन, आतल्यात अतिथंड हेलियम वायू. भिंती इतक्या गार कशासाठी? तर अंतराळ उष्णता घेतं, पण परत देत नाही. भिंतींनीही तसंच वागायला हवं ना! दुर्बीण उणे 230 अंश सेल्सिअसच्याही खाली गेली आणि त्या थंडीत आरशाचे 18 तुकडे एका रेषेत येतात का, हे तपासलं गेलं.

ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळ आलं. शहर पाण्याखाली, आणि नायट्रोजनचा साठा कमी होत चाललेला. मग चाचणी थांबवायची की! तसं जमत नाही. भिंती आरशांच्या आधी तापल्या, तर त्यांच्यावर गोठलेली वाफ आणि इतर रेणू सुटून थेट आरशांवर बसतील. लोक केंद्रातच मुक्कामाला राहिले, पुरवठा वेळेत पोहोचला आणि चाचणी पुरी झाली.

पुढच्या वर्षी प्रक्षेपणाच्या आवाजाची चाचणी झाली, तेव्हा सूर्यकवचाच्या आवरणाचे काही स्क्रू आणि वॉशर चक्क निघून आले. वेळापत्रक लांबलं, टीकाही झाली. पण विचार करा, हेच वर घडलं असतं तर? हबलच्या आरशातला दोष 1990 मध्ये, प्रक्षेपणानंतर कळला. 1993 मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तो सुधारला, कारण हबल पृथ्वीजवळ होती. वेब मात्र 15 लाख किलोमीटरवर. तिथे स्क्रू आवळायला कोण जाणार?