नाण्याला आठवण नसते

"डॉक्टरसाहेब, पहिलं पोरगं सिकलसेलचं निघालं. चारात एकाला होतो म्हणता, मग आता पुढची तिन्ही चांगली ना?" सातपुड्याच्या पायथ्याहून आलेल्या एका बापाने हे विचारले, तेव्हा त्याला दोष द्यावासा वाटला नाही. चारात एक म्हणजे काय, हे शाळेत त्याला कुणी करून दाखवले नव्हते.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के. प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता नव्याने तेवढीच असते.

आपल्याकडे 'संभाव्यता' हा धडा दहावीच्या बीजगणितात येतो. पण सातवी-आठवीतही एक रुपया आणि दोन रुपयांचे नाणे घेऊन तो समजतो. एक नाणे आईचे, दुसरे वडिलांचे. छापा म्हणजे निर्दोष जनुक, काटा म्हणजे सदोष. दोन्ही काटे पडले तर मूल आजारी. बरीच मुले म्हणतात, "तीनच प्रकार, म्हणजे तीनात एक." पण आईचा काटा-वडिलांचा छापा आणि आईचा छापा-वडिलांचा काटा हे दोन वेगळे प्रकार आहेत. म्हणून प्रकार चार.

असे प्रकार मोजण्याचे गणित आपल्या मातीला नवे नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे ३६,२८,८०० प्रकारे धरता येतात, असे दाखवले. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, हे चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात नोंदलेले आहे.

वर्गात नाणी चाळीस वेळा उडवून फळ्यावर खुणा कराव्यात. दोन्ही काटे साधारण दहादा पडतील. पण चार-चारांचे गट पाडले, तर कुठे एकदाही नाही, कुठे दोनदा. मग विचारावे, "आत्ताच दोन काटे पडले, पुढच्या वेळी काय?" उत्तर मुलांनाच सापडते: नाण्याला आठवण नसते. एक काळजी मात्र घ्यावी. कोणाच्या घरी सिकलसेल आहे, हे वर्गात विचारू नये.

त्या जोडप्यासमोर मी टेबलावर हीच दोन नाणी उडवली. बराच वेळ दोघे गप्प होते. मग बाई म्हणाली, "म्हणजे पुढच्या खेपेला दिवस गेल्या गेल्याच यायला पाहिजे." सिकलसेलची रक्ततपासणी लग्नाआधी झाली, तर हा हिशेब आणखी लवकर मांडता येतो.