सुखोदयचा शिलालेख आणि सुखोदयचे पाणी

इतिहासाच्या तासाला जहांगीर बादशहाच्या न्यायाच्या साखळीची गोष्ट निघाली, की तिच्या जोडीला आम्ही आणखी एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. सयाम देशात रामखम्हेंग नावाचा एक राजा होऊन गेला. त्याने आपल्या नगराच्या वेशीवर एक घंटा टांगली होती. प्रजेपैकी ज्या कोणास गाऱ्हाणे असेल, त्याने ती वाजवावी. राजा ऐकून त्याला बोलावून घेई आणि न्याय करी. गोष्ट सांगून झाली, की वर्गात एक समाधानाची शांतता पसरते. मात्र दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गातील मागच्या बाकावरून एक हात वर आला. "सर, हे कोणी लिहून ठेवले?" आम्ही म्हणालो, "राजानेच, शिलालेखात." "मग राजा स्वतःविषयी चांगलेच लिहिणार ना?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत बसून आम्ही विचार करू लागलो, तेव्हा या प्रश्नाचे नीट उत्तर आपल्यापाशी नाही हे आम्हांस कबूल करावे लागले.

म्हणून २०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, गाठीशी थोडे पैसे जमले होते त्यांच्या बळावर, आम्ही थायलंडमधील सुखोथाई प्रांताची वाट धरली.

बँकॉकहून आगगाडीने उत्तरेस निघाले, की सुमारे ३९० किलोमीटरवर फित्सनुलोक हे स्थानक लागते. तेथून सुखोथाई मोटारीच्या रस्त्याने सुमारे ६० किलोमीटर. दोन्ही बाजूंस भाताची शेते, मधून मधून उसाचे मळे, केळी आणि माड. खिडकीतून पाहताना आपण बार्देशातून चाललो आहोत की काय, असा भास क्षणभर व्हावा. पण खरी ओळख पटते ती पाट्यांवरील नावांनी. फित्सनुलोक म्हणजे आपले विष्णुलोक. सुखोथाई म्हणजे सुख आणि उदय मिळून झालेले सुखोदय. पुढे सावनखलोक लागते, ते स्वर्गलोक; आणि सी सच्चनालाय हे श्रीसज्जनालय! थाई लोक संस्कृत शब्द लिहिताना मूळची अक्षरे बहुधा जपतात, मात्र उच्चार आपल्या जिभेच्या सोयीने करतात. त्यांच्या लेखनात 'द' या अक्षराची जागा शाबूत आहे, पण तोंडी तो 'थ' होतो; 'श्री' लिहितात आणि 'सी' म्हणतात. ही किल्ली एकदा हाती आली, की दर मैलाला एक जुना परिचित भेटू लागतो.

या संबंधातील आमचा सर्वांत आनंदाचा क्षण जुन्या नगरातील वाट सी चुम या मंदिरात आला. तेथे सुमारे पंधरा मीटर उंचीची बुद्धाची बैठी मूर्ती एका चौकोनी, छप्पर हरपलेल्या वास्तूत बसलेली आहे. भोवतालची भिंत इतकी जाड आहे, की तिच्या पोटातून एक अरुंद जिना वर जातो आणि त्याच्या छताच्या पाट्यांवर जातककथांची चित्रे कोरलेली आहेत. तेथे एका खेडेगावच्या शाळेची सहल आली होती. त्यांच्या बाईंशी मोडक्या इंग्रजीत बोलणे सुरू झाले. आम्ही शिक्षक आहोत असे कळताच त्या म्हणाल्या, "ख्रू!" हा शब्द म्हणजे आपला 'गुरू' होय. मग त्यांनी वहीत आपली पहिली पाच व्यंजने लिहिली आणि त्यांखाली आम्ही क, ख, ग, घ, ङ लिहिले. ओळीला ओळ जुळली. त्यांच्या मुलींनी ती वही हातोहात फिरवली, आणि आपापली नावे देवनागरीत लिहून घेण्यासाठी आमच्याभोवती जी गर्दी केली, ती आवरता आवरता बाईंची पुरेवाट झाली.

असो. आता शिलालेखाकडे वळू.

हा लेख चौकोनी दगडी स्तंभावर आहे. स्तंभाची उंची एक मीटरहून किंचित अधिक, चारही बाजूंस अक्षरे, एकूण १२४ ओळी. मूळ स्तंभ बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात असून सुखोथाईच्या संग्रहालयात त्याची प्रतिकृती ठेवलेली आहे. पुढे सयामचा राजा झालेला मोंगकुट हा भिक्षू असताना १८३३ मध्ये सुखोथाईस गेला होता, तेव्हा त्याला हा स्तंभ सापडला. लेखात कालगणना आहे ती शकाची! आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर जो शक असतो, तोच. शके १२०५ मध्ये राजाने थाई लिपी सिद्ध केली असे लेख सांगतो, आणि शके १२१४ या वर्षी, म्हणजे इसवी सन १२९२ मध्ये, त्याने तालवनात शिळेचे आसन मांडले अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हा काल दिलेला आहे, हे आपण सर्व जाणतो. प्रवरेकाठी नेवासे येथे ओव्या लिहून घेतल्या जात होत्या, त्याच सुमारास यॉम नदीच्या खोऱ्यात एक राजा आपल्या लोकांची भाषा दगडावर उतरवत होता, ही कल्पना आम्हांस फार मोह घालते.

लेखात आणखी काय आहे? राजाचे मातापिता, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी हत्तीवरून त्याने केलेले द्वंद्वयुद्ध, व्यापाऱ्यांवर वाटेत जकात नाही, मेलेल्याची मालमत्ता राजा घेत नाही, ती मुलाबाळांकडे जाते. आणि ती घंटा. नगराची तिहेरी तटबंदी आहे, तळ्याचे पाणी स्वच्छ व गोड आहे, हेही आहे.

परंतु १९८० नंतरच्या दशकात या लेखावर मोठा वाद उसळला. पिरिय क्रैरिक्ष हे थाई कलेतिहासकार आणि मायकेल व्हिकरी हे इतिहासकार यांनी असे मत मांडले, की हा लेख तेराव्या शतकातील नसून एकोणिसाव्या शतकात रचला गेला असावा. त्यांची कारणे विचार करण्याजोगी आहेत. या लेखात स्वरचिन्हे व्यंजनांच्या वरखाली नसून त्यांच्याच ओळीत आहेत. सुखोथाईच्या नंतरच्या लेखांत तशी पद्धत टिकलेली दिसत नाही. भाषेतही काही गोष्टी त्यांना खटकल्या. याउलट, दगडाच्या झिजेची शास्त्रीय तपासणी झाली आहे आणि तो जुनाच आहे असे सांगणारे विद्वानही पुष्कळ आहेत. २००३ मध्ये युनेस्कोने हा लेख जगाच्या स्मृतिठेव्यात नोंदवून घेतला. बहुसंख्य अभ्यासक आज लेखास खरा मानतात. आमचा कलही तिकडेच आहे; पण कल म्हणजे पुरावा नव्हे, हे मागच्या बाकावरील त्या मुलाने आम्हांस शिकवून ठेवले आहे.

मग करावे काय? आम्ही ठरवले, की लेख क्षणभर बाजूला ठेवावा आणि जमीन काय सांगते ते पाहावे.

जुने सुखोथाई हे आजच्या गावापासून सुमारे बारा किलोमीटर पश्चिमेस, डोंगरांच्या पायथ्याशी आहे. आजचे गाव यॉम नदीवर वसले आहे, तर जुने नगर नदीपासून दूर. दारात सायकली भाड्याने मिळतात. सायकलीवरून हिंडण्यासारखी दुसरी सोय तेथे नाही. नगर सुमारे १८०० मीटर लांब व १६०० मीटर रुंद असे आयताकृती आहे. भोवती मातीचे तीन तट आणि तटांमध्ये खंदक. आम्ही तटावर चढून पाहिले, आणि लेखातील तिहेरी तटबंदी पायांखाली होती. आत जिकडे पाहावे तिकडे तळी. त्रफांग थोंग म्हणजे सोन्याचे तळे, त्रफांग न्गन म्हणजे चांदीचे. आणखी एका तळ्याच्या मधोमध वाट सा सी नावाचे मंदिर आहे आणि त्याचा घंटाकृती स्तूप पाण्यात प्रतिबिंबित होतो. मध्यभागी वाट महाथात, म्हणजे महाधातू. त्याच्या मुख्य स्तूपाचा माथा कमळाच्या कळीसारखा आहे. चालत्या पवित्र्यातील बुद्धाच्या मूर्ती ही सुखोथाईच्या शिल्पकारांनी जगाला दिलेली देणगी. एक पाय पुढे, मागची टाच किंचित उचललेली, हात सैल सुटलेला; धातूला चालायला लावणे म्हणजे काय, हे ती पाहिल्यावर कळते.

पण प्रश्न असा, की नदीपासून इतक्या दूर ही तळी भरत कशी? त्या भागात पाऊस मे ते ऑक्टोबर पडतो आणि मग महिनोन्‌महिने आकाश कोरडे. डोंगरावर पडलेले पाणी उतारावरून धावत नदीकडे निघून जाते. ते अडवले नाही, तर माघ-फाल्गुनात नगराने प्यावे काय?

उत्तर नैर्ऋत्येला आहे. सायकलीने आम्ही तिकडे गेलो. दोन टेकड्यांमधील खिंडीत आडवा घातलेला सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध तेथे आहे. लोक त्याला फ्र रुआंगचा बांध म्हणतात. आज दिसतो तो विसाव्या शतकात दुरुस्त करून उंच केलेला. त्याच्या पोटात जुना बांध आहे. पावसाचे पाणी येथे साठे, कालव्याने नगराच्या कोपऱ्याशी येई, तेथून खंदकात आणि खंदकातून तळ्यांत. तट केवळ शत्रूसाठी नव्हते. पाण्याला वळण लावणे हेही त्यांचे काम होते. खाजन शेतीच्या बांधांवर आणि मानशीच्या दारांवर लहानपण गेलेल्या आमच्यासारख्या गोंयकारास हे पाहताच समजले. बांध एकदा घालून भागत नाही. दरवर्षी खेकड्यांची बिळे बुजवावी लागतात, ढासळलेली माती पुन्हा चढवावी लागते, गाळ उपसावा लागतो. आणि त्यासाठी माणसे एकत्र यावी लागतात. घंटा होती की नव्हती, हे आम्ही सांगू शकत नाही. या नगरात पिढ्यान्‌पिढ्या माणसे पाण्यासाठी एकत्र येत होती, हे मात्र बांध स्वतः सांगतो आणि त्यावर कोणी बनावटपणाचा आरोप केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तरेस सुमारे ५५ किलोमीटरवरील सी सच्चनालाय येथे गेलो. हे राज्याचे जोडनगर, यॉम नदीच्या काठी. येथील मंदिरे पाहून घरच्यासारखे वाटले, कारण ती जांभ्या दगडाची आहेत! आपल्याकडे खाणीतून चिरे काढतात तोच दगड. जमिनीतून काढताना मऊ, हवा लागली की टणक. त्यावर बारीक कोरीव काम होत नाही, म्हणून चुन्याचा गिलावा चढवून त्यात आकृती घडवीत. वाट चांग लोम या मंदिराच्या चौथऱ्याभोवती असे ३९ हत्ती उभे आहेत. बहुतेकांची सोंड व गिलावा गळून पडला आहे आणि आतला तांबूस जांभा उघडा दिसतो. जवळच नदीकाठी जुन्या भट्ट्या आहेत. त्यांत भाजलेली, मासे रंगवलेली भांडी आणि हिरव्या झिलईचे वाडगे जहाजांनी जावा, फिलिपाइन्स, जपानपर्यंत जात. सुखोथाईचे राज्य १४३८ मध्ये अयुथ्येत विलीन झाले, तरी भट्ट्या पुढेही शतकभर धगधगत राहिल्या.

१९९१ मध्ये ही दोन्ही नगरे, कामफेंग फेत या तिसऱ्या नगरासह, जागतिक वारसा ठरली. प्रवासी येतात, अवशेष पाहतात, जातात. यॉम नदीकडे फारसे कोणी पाहत नाही. आम्ही आजच्या गावात उतरलो होतो, तेथे दुकानांच्या भिंतींवर कमरेइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. २०२४ च्याच पावसाळ्यात नदीने गावात शिरून ती ओढली होती. खानावळीतील वृद्ध बाईंनी सुखोथाईच्या शेवया, वरून शेंगदाण्याचा कूट आणि चवळीच्या शेंगांचे तुकडे घालून, आमच्यापुढे ठेवल्या आणि हाताने दाखवले, पाणी येथवर आले होते. थायलंडच्या मध्यभागाला पाणी पुरवणाऱ्या चार नद्यांपैकी यॉमवरच मोठे धरण नाही. पिंग नदीवर भूमिबल धरण आहे, नान नदीवर सिरिकित. यॉमवरही धरण व्हावे म्हणून फ्रे प्रांतातील एक जागा अनेक दशकांपासून सुचवली जात आहे. पण तेथे सागवानाचे रान आहे आणि गावे आहेत, व ते गावकरी बुडायला तयार नाहीत. पूर आला की ही चर्चा नव्याने उठते. २०२४ मध्येही उठली. खालच्यांचे घर बुडते आणि वरच्यांचे बुडेल. दोन्हीकडचे म्हणणे ऐकताना आमची मान दोन्ही बाजूंना हलली. सातशे वर्षांपूर्वीच्या नगराला पाणी कमी पडत होते, आजच्या गावाला ते आवरत नाही.

आमचा तेथील शेवटचा दिवस कार्तिकी पौर्णिमेचा होता. त्या रात्री थाई लोक लॉय क्रथोंग साजरा करतात. केळीच्या सोपाचा काप, त्याला पानांची नक्षी, मध्ये फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती. असा क्रथोंग पाण्यावर सोडायचा. जुन्या नगरातील तळी दिव्यांनी भरून गेली होती. हा सण सुखोथाईच्या एका दरबारी स्त्रीने सुरू केला असे सांगतात. पण ज्या ग्रंथात ती कथा आहे तो बँकॉकच्या काळातला आहे, असे विद्वान म्हणतात. पुन्हा तेच! आम्ही मात्र त्या रात्री विद्वानांची आठवण काढली नाही. त्याच पौर्णिमेस आमच्या साखळीच्या विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत रोषणाई केलेल्या होड्या सोडतात, ती आठवण आली. एक क्रथोंग विकत घेतला आणि सोन्याच्या तळ्यात सोडला.

शाळा सुरू झाल्यावर तो मुलगा, आता दहावीत गेलेला, दारातच भेटला. "सर, घंटा पाहिली का?"

पाहिली. रामखम्हेंग राजाच्या कांस्य पुतळ्यापाशी एक घंटा टांगलेली आहे, कोणीही वाजवावी अशी. आम्ही ती वाजवली. आवाज चांगला खणखणीत आला. शेजारी गवत कापणाऱ्या माळ्याने मान वर करून आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.