दार सगळ्यात शेवटी

पिल्लाच्या आधी क्रेट घरी यायला हवा. आमची चिंगी आली तेव्हा तो बेडरूममध्ये मांडून तयार होता. 36 इंची, तारेचा, घडी होणारा, खाली सरकता ट्रे. आपली गावठी कुत्री पूर्ण वाढली की साधारण 15 ते 20 किलोंची होते. तिला हे माप पुरतं. पण दोन महिन्यांच्या पिल्लाला एवढी जागा देऊन चालत नाही. झोपायच्या जागी घाण करणं कुत्र्याला आवडत नाही आणि क्रेटची सगळी शिस्त या एका स्वभावावर उभी आहे. जागा ऐसपैस मिळाली की पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात सू करतं. म्हणून मध्ये जाळी घालून उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता येईल एवढाच भाग मोकळा ठेवायचा. पिल्लू वाढेल तशी जाळी मागे सरकवायची.

क्रेट बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, एवढ्याशा जिवाला पिंजऱ्यात कशाला कोंडता?” त्यांची शंका रास्तच होती. स्वीडन आणि फिनलंडमध्ये तर कुत्र्याला घरात असं बंद ठेवण्यावर कायद्यानंच बंधनं आहेत. क्रेट हे कोंडून ठेवण्याचं साधन होऊ शकतं, यात वाद नाही. ते तसं होऊ द्यायचं नसेल, तर दाराची घाई करायची नाही.

पहिले काही दिवस आम्ही दार पूर्ण मागे वळवून सुतळीनं बांधून टाकलं होतं. हलतं दार एकदा पिल्लाच्या अंगावर आपटलं की ते पुन्हा आत पाय ठेवायला तयार होत नाही. उकडलेल्या चिकनचा तुकडा दाराच्या जरा आत ठेवला. चिंगीनं मान लांब केली, पुढचे पाय आत टाकले, मागचे मात्र बाहेर घट्ट रोवलेले. तुकडा उचलला आणि मागच्या मागे बाहेर. पुढचा तुकडा वीतभर आत. ट्रेवर स्वतःचीच नखं वाजली की ती दचकायची, म्हणून खाली जुनी गोधडी घातली. मग जेवणाची वाटीच आत जाऊ लागली. एका दुपारी वाटी चाटूनपुसून झाल्यावर ती बाहेर आलीच नाही. गोल फिरली, पुढच्या पायांनी गोधडी उकरली आणि पंजावर नाक ठेवून झोपली. दार तेव्हाही बांधलेलंच होतं.

त्यानंतर ते लावायला सुरुवात केली, तीही फक्त ती खात असताना. वाटी संपायच्या आत उघडायचं. मग खाणं संपल्यावर थोडा वेळ, मग आपण खोलीत फेरी मारेपर्यंत, मग खोलीबाहेर जाऊन येईपर्यंत. आत जाताना गळ्यातला पट्टा काढायचा. तो तारेत अडकून गळफास बसू शकतो.

रात्रीची कसोटी वेगळी असते. क्रेट पलंगाला लागून ठेवला होता, जाळीतून बोटं आत घातली की ती शांत व्हायची. झोपताना होणारी कुरकुर हळूहळू विरते. गाढ झोपेतून उठून केलेलं तीव्र कुईकुई मात्र सू लागल्याचं असतं, आणि तिथं कान बंद करून पडून राहणं हा पिल्लावर अन्याय आहे. ढोबळ हिशोब असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवून येतील तितके तास ते फार तर कळ काढू शकतं. उठून उचलून न्यायचं, कारण चालवत नेलं तर वाटेतच होतं. लसी पूर्ण झालेल्या नव्हत्या आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून रस्त्यावर न नेता बाल्कनीत मातीचा ट्रे ठेवला होता. दिवा मंद, बोलणं नाही, खेळणं नाही. काम झालं की शाबासकी आणि परत आत.

दोन नियम आम्ही घरात सगळ्यांना घालून दिले. चिंगी आत असताना मुलांनी तिला छेडायचं नाही, आणि काही कुरतडलं म्हणून शिक्षेसाठी तिला आत ढकलायचं नाही. उन्हाळ्यात क्रेट पंख्याखाली ठेवायचा, बाल्कनीत कधीच नाही. पुढे नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, टाके सुकेपर्यंत उड्या मारू द्यायच्या नव्हत्या, तेव्हा ती आपणहून क्रेटमध्ये पडून राहिली. दिवाळीत फटाके वाजायला लागले की आजही ती तिथंच जाते.

पिल्लू आणायच्या विचारात असाल तर एवढं ऐका. घरातली सगळी माणसं सकाळी नऊला बाहेर पडून संध्याकाळी सातला परतत असतील, तर क्रेट हा त्यावरचा उपाय नव्हे. दुपारी येऊन दार उघडणारं माणूस आधी शोधा, पिल्लू मग आणा.