फसलेल्या माणसाच्या पाठीशीं



कोऱ्या कागदावर अंगठा उठवूं नये, ही शिकवण आपल्या भागांतील शेतकऱ्यास नवी नाहीं. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील कुळांनीं सावकारांचीं कर्जखतें हिसकावून घेऊन जाळलीं. पुढें १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि शेतकऱ्याचें खत गांवच्या निबंधकासमोर, त्यांतील मजकूर त्याला समजावून देऊनच व्हावें, असें त्यांत ठरलें. परभणी त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तो कायदा इकडे लागू नव्हता, ही गोष्ट वेगळी. मला त्यांतील विचार महत्त्वाचा वाटतो. अंगठा देणाऱ्याला मूर्ख ठरवून तो कायदा मोकळा झाला नाहीं. ज्याला वाचतां येत नाहीं त्याच्या पुढें कागद सारण्याची रीतच दोषी आहे, हें त्यानें मानलें.

आज अंगठ्याची जागा मोबाइलवर येणाऱ्या सहा अंकांनीं घेतली आहे. फसणाऱ्यास मात्र आपण अजून हेंच विचारतों, "तुम्हांला एवढेंहि कळलें नाहीं काय?" माझें आजचें बोलणें मुख्यतः या प्रश्नाविषयींच आहे; कारण हा प्रश्न विचारण्यांत व त्याला भिण्यांत जो वेळ जातो, त्याच वेळांत पैसा हातचा जातो.

समजा, सेलूस राहणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. सकाळीं अकराच्या सुमारास त्यांना दूरध्वनि येतो. त्यांच्या आधार क्रमांकावर कोणीं खातें उघडलें असून त्यांतून काळा पैसा फिरला आहे, त्यांच्या नांवें अटकेचें वॉरंट निघालें आहे, असें एक करडा आवाज सांगतो. मग मोबाइलच्या पडद्यावर गणवेशांतील माणूस दिसूं लागतो. त्याच्या मागें कचेरी, भिंतीवर राजमुद्रा, सर्व कांहीं यथास्थित. खोलीचें दार लावा, घरांत कोणाशीं बोलूं नका, पडद्यासमोरून हलूं नका, असा हुकूम सुटतो. चार तासांनीं गुरुजी आपली ठेव मोडून ती रक्कम 'तपासणीसाठीं' सांगितलेल्या खात्यावर पाठवितात. या प्रकाराला डिजिटल अटक असें नांव पडलें आहे. आपल्या कायद्यांत असली अटक नाहीं. पडद्यावरून कोणाला अटक होत नाहीं, आणि कोणतेंहि पोलीस ठाणें वा न्यायालय दूरध्वनीवर पैसे मागत नाहीं. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' या नभोवाणीवरील भाषणांत पंतप्रधानांनीं हाच प्रकार समजावून दिला होता.

संध्याकाळीं गुरुजींना सत्य उमगतें. आतां ते काय करतात? बहुधा कांहींच नाहीं. जन्मभर ज्यानें इतरांच्या मुलांना गणित शिकविलें, त्यानें आपला हिशेब असा चुकला हें कोणाला सांगावें? पुण्यास नोकरीवर असलेल्या मुलाला सांगावें, तर तो रागावेल. सुनेपुढें मान खालीं जाईल. गांवांत चर्चा होईल. असे दोन दिवस जातात. भामट्याला हवे असतात ते हेच दोन दिवस. २०२४ या एका वर्षांत देशांतील नागरिकांचे सुमारें २२,८४५ कोटी रुपये अशा लुबाडणुकींत गेले, असें केंद्र सरकारनें संसदेंत सांगितलें. म्हणजे गुरुजी एकटे नाहींत. पण त्या रात्रीं त्यांना आपण एकटेच आहोंत असें वाटतें.

भामट्याकडे गेलेला पैसा एका जागीं राहत नाहीं. पहिल्या खात्यांतून कांहीं मिनिटांत तो अनेक खात्यांत वांटला जातो, तेथून आणखी पुढें, आणि शेवटीं कोठें एटीएममधून रोख काढला जातो, तर कोठें आभासी चलनांत बदलला जातो. पाथरी-मानवतकडील शेतकऱ्यास हें सांगावयास नको. कालव्याचें पाणी पाटांत असेपर्यंत फळी टाकून अडवितां येतें. तें वाफ्यांत जिरल्यावर फळी टाकून काय उपयोग?

ही फळी म्हणजे १९३० हा दूरध्वनि क्रमांक. २०२१ सालीं केंद्रीय गृहमंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्रानें पोलीस व बँका यांना एका जाळ्यांत जोडणारी व्यवस्था सुरूं केली. १९३० वर आपण सांगितलेला तपशील पोलीस त्या जाळ्यांत घालतात. ज्या बँकेच्या खात्यांत पैसा गेला, तिला लगेच सूचना मिळते. पैसा तेथें शिल्लक असेल तर तेवढी रक्कम गोठविली जाते. पुढें गेला असेल तर पुढच्या बँकेला सूचना जाते. शर्यत अशी आहे, म्हणून पहिल्या तासाला मोल आहे. दुसऱ्या दिवशीं किंवा आठवड्यानें तक्रार करूं नये असा याचा अर्थ नाहीं; उशिरां केलेल्या तक्रारीनेंहि कांहीं रक्कम अडूं शकते. परंतु पहिला दूरध्वनि १९३० ला करावा, पुण्याच्या मुलाला नंतर.

दूरध्वनि करतांना हाताशीं काय असावें? आपलें नांव व मोबाइल क्रमांक, आपली बँक व खाते क्रमांक, गेलेली रक्कम, दिवस व वेळ, आणि त्या व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयनें पैसे गेले असल्यास हा क्रमांक बारा अंकी असतो व मोबाइलमध्यें त्या व्यवहाराच्या तपशिलांत सांपडतो. पलीकडून तक्रारीचा पोच-क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा; आणि चोवीस तासांच्या आंत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर रीतसर तक्रार पूर्ण करावी. ज्याला तें जमत नाहीं त्याच्याजवळ बसून तें करून देणें, ही शेजाऱ्याची खरी मदत होय. भामट्याचे संदेश रागानें पुसून टाकूं नयेत. त्यांच्या पडद्याचीं चित्रें, ज्यांना सारे स्क्रीनशॉट म्हणतात, तीं काढून ठेवावींत; पुरावा तोच आहे.

त्याच दिवशीं बँकेला लेखी कळवावें व पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ रोजीं काढलेल्या परिपत्रकांत एक मोठें तत्त्व घातलें. ग्राहकाची वा बँकेची चूक नसतां तिसऱ्याच कोणीं पैसे काढले आणि ग्राहकानें बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळविलें, तर नुकसान ग्राहकावर पडूं नये; आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचें ओझें बँकेवर असावें. गुरुजींनीं पैसे स्वतःच्या हातानें पाठविले, म्हणून त्यांना या तत्त्वाचा लाभ सहज मिळणार नाहीं, हें मी लपवीत नाहीं. परंतु ज्याच्या खात्यांतून त्याच्या नकळत पैसे गेले, त्यानें 'तुमचीच चूक' एवढें ऐकून खिडकीवरून परत येऊं नये. बँकेनें तीस दिवसांत उत्तर दिलें नाहीं किंवा दिलेलें उत्तर पटलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करतां येते.

पोलिसांविषयीं लोकांच्या मनांत एक शंका असते. गुन्हेगार परराज्यांत, मग गंगाखेडच्या वा जिंतूरच्या ठाण्यांत तक्रार घेतील काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणें गुन्हा कोठेंहि घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याहि ठाण्यांत देतां येते, आणि नोंदलेल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. गोठविलेली रक्कम परत मिळविण्यासाठीं कित्येक वेळां न्यायदंडाधिकाऱ्याकडे त्याच संहितेच्या कलम ५०३ खालीं अर्ज करावा लागतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावें. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना आणि अल्प उत्पन्न असणारांना तेथें विनाशुल्क वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर याविषयीं विचारतां येतें.

पैशाहून नाजूक असा दुसरा प्रकार आहे. कर्ज देणाऱ्या बनावट ॲपवाल्यांनीं किंवा ओळख वाढविलेल्या एखाद्या इसमानें मुलीचें छायाचित्र बिघडवून तें नातेवाइकांना पाठविण्याची धमकी द्यावी, असें घडतें. येथें घरच्यांचा पहिला शब्द फार मोलाचा ठरतो. मोबाइल काढून घेणें, शिक्षण बंद करणें, ही शिक्षा गुन्हेगाराला नव्हे तर मुलीला होते. आणि पुढच्या वेळीं ती सांगणार नाहीं. धमकीला भिऊन पैसे दिल्यास मागणी थांबत नाहीं, वाढते. वर सांगितलेल्या सरकारी संकेतस्थळावर स्त्रिया व मुलें यांच्याविषयींच्या अशा गुन्ह्यांची खबर नांव न देतांहि देतां येते. माणूस अगदींच खचला असेल, जेवत-बोलत नसेल, तर त्याला एकटें सोडूं नये. १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा क्रमांक रात्रंदिवस चालूं असतो. तेथें मराठींतहि बोलतां येतें.

सावधगिरीविषयीं थोडेंच सांगतों, कारण तें आपण पुष्कळदां ऐकलें असेल. पैसे घेण्यासाठीं पिन घालावा लागत नाहीं. पिन घातला म्हणजे पैसे जातात. पीएम-किसानचा हप्ता, लाडकी बहीण योजनेची पडताळणी, वाहनाचा दंड, एवढेंच काय, लग्नाची पत्रिका, अशा नांवांनीं व्हॉट्सॲपवर येणारी एपीके नांवाची फाइल उघडूं नये. तिच्या पोटीं मोबाइलचा ताबा घेणारी यंत्रणा असते. ज्यांना अंगठ्यावर पैसे काढावयाचे नसतात त्यांनीं आधारमधील आपल्या बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवावे. ती सोय आधारच्या ॲपमध्यें आहे.

एक गोष्ट मात्र कमी ऐकूं येते. भामट्यांना पैसा फिरविण्यास दुसऱ्यांचीं खातीं लागतात, आणि तीं त्यांना आपल्याच गांवांतून मिळतात. 'खातें व सिमकार्ड दे, महिन्याला इतके घे', या आमिषाला बेकार तरुण बळी पडतो. मुख्य भामटा म्यानमार किंवा कंबोडियांत बसलेला असतो, पोलीस प्रथम येतात ते या तरुणाच्या दारीं. त्या परदेशीं अड्ड्यांवरहि नोकरीच्या आमिषानें नेऊन डांबलेले भारतीय तरुण सांपडले आहेत, आणि त्यांच्याकडून बळजबरीनें हे दूरध्वनि करविले जात होते. म्हणून परदेशीं 'डेटा एंट्री'च्या नोकरीची जाहिरात वाचतांना दहा ठिकाणीं चौकशी करावी.

शेवटीं गुरुजींकडे येतों. समजा, त्यांनीं तक्रार केली, कांहीं रक्कम गोठली, आणि ते वाट पाहत आहेत. अशा वेळीं आणखी एक दूरध्वनि येण्याचा फार संभव असतो. 'आम्ही सायबर विभागांतून बोलत आहोंत, तुमचे पैसे मंजूर झाले आहेत, फक्त प्रक्रियेचे पांच हजार भरा', असें कोणी गोड बोलतो. फसलेल्यांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात, तेव्हां त्याला गुरुजींचें नांव आणि गेलेली रक्कम ठाऊक असली तरी नवल नाहीं. १९३० वर, पोलीस ठाण्यांत किंवा बँकेंत पैसे परत देण्यासाठीं शुल्क घेत नाहींत. असा दूरध्वनि आल्यास तो ठेवून द्यावा, आणि त्याचा क्रमांक आपल्या जुन्या तक्रारीच्या पोच-क्रमांकासह पोलिसांना कळवावा.