इंधनवाहिनीत शिरलेली हवा

वापसा आलेला असतो, पेरणीची घाई असते आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. पुनःपुन्हा स्टार्टर मारल्याने केवळ बॅटरी उतरते. त्यापेक्षा दोषाचा क्रमाने शोध घेणे हिताचे ठरते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली गेल्याने अतिशय तापते आणि तीत इंजेक्टरने फवारलेले डिझेल पेट घेते. या फवाऱ्यासाठी इंधनावर मोठा दाब यावा लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही. हवा मात्र सहज दबते. म्हणून नळीत हवा शिरली, की पंपाचा जोर ती हवा दाबण्यातच खर्ची पडतो व इंजेक्टर उघडत नाही. टाकी रिकामी होणे, फिल्टर बदलणे किंवा नळीचा जोड सैल असणे, ही हवा शिरण्याची नेहमीची कारणे होत.

प्रथम टाकीतील डिझेल, झाकणाचे हवाछिद्र आणि नळीचे जोड पाहावेत. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी काढावे. नंतर फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू किंचित सैल करून इंधनपंप हाताने चालवावा. आरंभी फेसाळ डिझेल येते. बुडबुडे थांबून अखंड धार लागताच स्क्रू आवळावा. इंजेक्शन पंपावरील स्क्रूबाबतही असेच करावे.

इंजेक्टरच्या फवाऱ्याजवळ हात कधीही नेऊ नये. ती धार त्वचा भेदून आत शिरते. एवढे करूनही इंजिन सुरू न झाल्यास जाणकार कारागिराला बोलवावे.

टाकी पूर्ण रिकामी होऊ न देणे, हाच यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.