खंजिरी, ठाणं आणि मतपेटी

मार्च 1977 च्या लोकसभा निकालात उत्तर प्रदेशच्या 85 आणि बिहारच्या 54 जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी 55 हजारांहून जास्त मतांनी पडल्या. दुसऱ्या दिवशी, 21 मार्चला, आणीबाणी उठली. आणि त्याच निकालात अकोल्याहून वसंत साठे निवडून आले. अमरावतीत काँग्रेस. वर्ध्यात काँग्रेस. महाराष्ट्रात 48 पैकी 20 जागा काँग्रेसने राखल्या, त्यांतल्या बऱ्याच विदर्भातल्या होत्या. चिमूरचं नाव लावणारा मतदारसंघसुद्धा काँग्रेसकडेच गेला.

हे वाचून अडखळायला होतं. कारण त्याच्या पस्तीस वर्षांपूर्वी, 1942 च्या नागपंचमीला, चिमूर आणि आष्टी या गावांनी जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याचं ठाणं पालथं घातलं होतं. ब्रिटिश बंदुकीला न भ्यालेला मुलूख आणीबाणीच्या पक्षाला मतं का देतो? ‘लोक भोळे होते’ किंवा ‘लोकांना विकत घेतलं’ ही दोन्ही उत्तरं मला आळशी वाटतात. हुकमी राजवटी का टिकतात आणि का कोसळतात, यावर गेल्या अर्धशतकात जगभर पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातलं बरंचसं अमरावती-नागपूर रस्त्यावरच्या मोझरीला उभं राहून तपासता येतं.

मोझरीत 1935 साली तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम उभारला. यावलीत 1909 साली जन्मलेला माणिक, वरखेडच्या आडकोजी महाराजांचा शिष्य. हातात खंजिरी, गळ्यात आवाज, आणि ऐकायला येणारी गावंच्या गावं. 1936 साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं. गुरुकुंजाची खरी कमाई मात्र सामुदायिक प्रार्थना ही आहे. ठरलेली वेळ, ओळीत बसलेली माणसं, जातीची उतरंड नाही, पुजाऱ्याची मध्यस्थी नाही. तिची ताकद भक्तांच्या आधी पोलिसांनी ओळखली असावी.

मायकेल च्वे नावाच्या राज्यशास्त्रज्ञाने 2001 साली विधी आणि समारंभ यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा की समारंभात माणूस नवीन काही ऐकत नसतो. तिथे त्याला एवढंच कळतं की आपल्याला जे माहीत आहे ते शेजाऱ्यालाही माहीत आहे, आणि आपल्याला ते माहीत आहे हे शेजाऱ्याला ठाऊक आहे. तैमूर कुरान या अर्थतज्ज्ञाने त्याआधी याची दुसरी बाजू मांडली होती. दडपशाहीत माणूस मनात एक ठेवतो आणि चारचौघांत दुसरं बोलतो. सगळेच तसं करत असल्याने प्रत्येकाला वाटतं, चिडलेला मी एकटाच. राजवट उभी असते ती या एकटेपणावर. तो कशाने तरी फुटला की दहा माणसांचे शंभर आणि शंभरांचे हजार व्हायला एक दुपार पुरते.

नागपंचमीची, 16 ऑगस्ट 1942 ची, ती दुपार. मुंबईत 9 ऑगस्टला पुढारी पकडले गेले होते, वर्धा-चांद्याच्या गावांना आदेश द्यायला कुणी मोकळं नव्हतं. पण तुकडोजी महाराजांच्या भजनांनी ही गावं आधीच एकत्र बसायला शिकली होती आणि त्या भजनांतला रोख कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. आष्टीत लोक ठाण्यावर झेंडा लावायला निघाले. गोळ्या सुटल्या, माणसं पडली, आणि मग खवळलेल्या जमावाने पोलिसांनाही जिवंत सोडलं नाही. चिमुरात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गोळीला बळी पडला. उपविभागीय अधिकारी आणि नायब तहसीलदार यांच्यासह सरकारची माणसं मारली गेली. इकडे अमरावती जिल्ह्यात बेनोडा आणि महाराजांची जन्मभूमी यावली यांनीही रक्त दिलं; दोन्ही गावांच्या नावापुढे आज ‘शहीद’ लागतं. चिमूर तीन दिवस मोकळं होतं.

19 ऑगस्टला लष्कर शिरलं. पुरुष पकडून नेले, घरं लुटली, बायकांवर अत्याचार झाले. 28 ऑगस्टला चंद्रपुरात महाराजांना अटक झाली आणि नागपूर, मग रायपूर असा तुरुंगवास डिसेंबरपर्यंत चालला. खटल्यांत फाशीच्या शिक्षा ठोठावल्या गेल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी जिवाचं रान केलं आणि पुढे फाशी टळली.

म्हणजे एकटेपण फुटलं होतं, तरी राजवट टिकली. इथे कुरान आणि च्वे अपुरे पडतात. गावाने ठाणं घेतलं की सवाल गावाचा राहत नाही, तो फौजेचा होतो. 1942 मध्ये सरकारने आंदोलन मोडायला 57 पलटणी वापरल्या आणि त्यांतली एकही फिरली नाही. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी चर्चिलना कळवलं की 1857 नंतरचं हे सर्वांत गंभीर बंड आहे. पण हुकूम पाळले जात होते, पगार होत होते, आणि महायुद्धामुळे लंडनला माघारीचा विचारही परवडणारा नव्हता.

याच्याशेजारी जर्मनीतलं लाइपझिग ठेवून बघावं. तिथल्या सेंट निकोलस चर्चमध्ये 1982 पासून दर सोमवारी शांतीसाठी प्रार्थना व्हायची. कम्युनिस्ट सरकारला ती बंद करता आली नाही आणि गिळताही आली नाही. 9 ऑक्टोबर 1989 च्या सोमवारी प्रार्थना संपल्यावर सुमारे सत्तर हजार लोक रस्त्यावर आले. सशस्त्र पोलीस तयार होते, इस्पितळांत रक्तसाठ्याची व्यवस्था झाल्याची बोलवा होती. गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली. प्रार्थनेची जात एकच, धैर्यही तेवढंच. फरक इतकाच पडला की पूर्व जर्मनीच्या अधिकाऱ्यांमागे आता मॉस्को उभं नव्हतं, आणि आपण गोळी झाडली तर उद्या कोण आपल्याला वाचवणार, हे त्यांना कळेनासं झालं होतं. चिमुरात शिरलेल्या गोऱ्या सोजिरांना असा प्रश्न पडायचं कारण नव्हतं.

तडे गेले ते वेगळ्या ठिकाणी, आणि हळू. सेवाग्रामचे प्रा. भणसाळी चिमूरच्या अत्याचारांची चौकशी मागायला दिल्लीत लोकनायक बापूजी अणे यांच्या घरी गेले. अणे यवतमाळचे आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात. तिथे उपोषणाला बसलेल्या भणसाळींना सरकारने दिल्लीबाहेर काढलं. उपोषण 63 दिवस चाललं. त्याची बातमी छापू नये असा हुकूम आला, तेव्हा 6 जानेवारी 1943 रोजी देशातल्या अनेक वृत्तपत्रांनी निषेध म्हणून अंकच काढला नाही. 12 जानेवारीला उपोषण सुटलं आणि चिमूरच्या बातम्यांवरची बंदी सैल झाली. पुढच्याच महिन्यात, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, अणेंनी राजीनामा दिला. याच प्रांतातले आयसीएस अधिकारी रा. कृ. पाटील यांनीही आंदोलनाच्या काळात नोकरी सोडली. दोन माणसांनी खुर्ची सोडल्याने साम्राज्य पडत नाही. पण फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत नाविक उठले, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी सैन्यात चुळबुळ झाली, आणि ज्यांच्या हाताने राज्य चालायचं तेच हात उद्या कुठे असतील याचा भरवसा संपला. चिमूरने हरून जे मांडून ठेवलं होतं त्याचा हिशेब चार वर्षांनी झाला, असं मी म्हणेन. इतिहासकार कदाचित याहून सावधपणे बोलतील.

आता आणीबाणी. तिचं कोसळणं याच्या नेमकं उलट आहे. फौज फुटली नाही, रस्त्यावर मोठा उठाव झाला नाही. शाह आयोगाच्या नोंदीप्रमाणे ‘मिसा’ आणि संरक्षण नियमांखाली मिळून 1,10,806 माणसं आत होती आणि बाकीचा देश वरवर शांत होता. सरसंघचालक बाळासाहेब देवरसांना 30 जूनलाच नागपूर स्टेशनवर पकडून येरवड्याला नेलं होतं. मोझरीपासून फार लांब नसलेल्या पवनारात विनोबा मौनात होते. त्यांच्या ‘अनुशासनपर्व’ या शब्दाची सरकारने भिंती रंगवण्यापर्यंत जाहिरात केली. पण जून 1976 मध्ये गोहत्याबंदीसाठी उपोषणाची घोषणा छापणाऱ्या ‘मैत्री’ मासिकाचे अंक पोलिसांनी त्याच आश्रमातून जप्त केले. विनोबा इतके सोयीचे नाहीत हे सरकारला तेव्हा समजलं असावं.

मग 18 जानेवारी 1977 ला निवडणूक जाहीर का केली? लोकसभेची मुदत दोनदा वाढवून झाली होती, आणखी वाढवता आली असती. इंदिराबाईंच्या मनात काय होतं यावर ढिगाने लिहिलं गेलंय. मला त्यातली दोन कारणं पटतात. सगळ्यांची तोंडं बंद करणाऱ्याला कुणाच्याच पोटातलं कळत नाही. सेन्सॉर केलेली वृत्तपत्रं वाचून राज्य करणाऱ्याला आपलाच प्रचार परत ऐकू येतो. दुसरं असं की इंदिराबाईंकडे मतपेटीशिवाय दुसरी पुण्याई नव्हती. चीनमध्ये किंवा व्हिएतनाममध्ये सत्ताधारी पक्ष युद्धातून आणि क्रांतीतून घडले. त्यांनी आपली फौज स्वतः उभारली, म्हणून ते संकटातही फुटत नाहीत, हे लेवित्स्की आणि वे या राज्यशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. काँग्रेस मात्र निवडणुका लढवत घडलेली. तिच्या नेत्याला जगासमोर आणि स्वतःसमोर खरं ठरायचं तर मतदान घ्यावंच लागणार होतं.

चिलीच्या पिनोशेला अकरा वर्षांनी हाच मोह झाला. 5 ऑक्टोबर 1988 च्या सार्वमतात जवळपास 56 टक्के लोक ‘नको’ म्हणाले, आणि त्याच्याच सत्तामंडळातल्या हवाईदल प्रमुखाने रात्री राजवाड्याच्या दारात पत्रकारांना सांगून टाकलं की ‘नको’ जिंकलं. आपल्याकडे ते काम मतदानाआधीच झालं. 2 फेब्रुवारी 1977 ला जगजीवनराम मंत्रिमंडळातून आणि काँग्रेसमधून बाहेर पडले. आत बसलेल्या ज्येष्ठाला बाहेर भवितव्य दिसतंय, हे पाहिल्यावर उत्तरेतल्या सामान्य मतदाराचं एकटेपण एका दिवसात संपलं.

वऱ्हाडात ते संपलं नाही. कारण इथे ते त्या जातीचं नव्हतंच, आणि या लेखाचा खरा जीव इथे आहे.

उत्तरेत आणीबाणी नसबंदीच्या छावण्यांतून माणसाच्या अंगापर्यंत पोचली होती. 1976-77 या एका वर्षात देशात 81 लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचा कायदा विधिमंडळात मंजूर करणारं राज्य महाराष्ट्र होतं. राष्ट्रपतींची संमती न आल्याने तो अमलात आला नाही. वऱ्हाडी शेतकऱ्याचं सरकारशी नातं दुसऱ्या दोरीने बांधलं होतं. गावची सोसायटी, जिल्हा सहकारी बँक, खरेदी-विक्री संघ, बाजार समिती, जिनिंग-प्रेसिंग. 1972 पासून वर कापूस एकाधिकार खरेदी. पेरणीचं कर्ज सोसायटीतून, कापूस फेडरेशनला, चुकारा बँकेतून, त्यातूनच कर्जाची वळती. दुष्काळानंतर रोजगार हमीचं काम. या प्रत्येक खिडकीमागे बसलेला माणूस ओळखीचा, बहुधा नात्याचा, आणि जवळपास नक्की काँग्रेसचा. दारापूरच्या रा. सू. गवईंच्या रिपब्लिकन गटाचं काँग्रेसशी जमलेलं होतं, त्यामुळे गावकुसाकडचं बरंच मतही वेगळं वळलं नाही. मेक्सिकोत एका पक्षाने 1929 पासून 2000 पर्यंत 71 वर्षं राज्य केलं, निवडणुका घेत घेत. तिथे बंदूक क्वचितच काढावी लागली. बियाणं, पाणी, शिधा, नोकरी यांच्या किल्ल्या पक्षाच्या कमरेला होत्या आणि विरोधात गेलेल्या गावाला नळ उशिरा यायचा. आपल्या सहकाराला मेक्सिकोच्या पंगतीत बसवणं अनेकांना रुचणार नाही. सहकाराने सावकार हटवला हे खरंच आहे. पण ठाण्याची भीती धैर्याने जाते. चुकाऱ्याची काळजी धैर्याने जात नाही. ठाण्यात परका असतो, सोसायटीत काका.

आणि प्रार्थनेचं काय? तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले. आणीबाणी त्यांनी पाहिली नाही. त्यांनी पाहिली असती तर काय केलं असतं, या खेळात मी पडणार नाही. ग्रामगीतेच्या 41 अध्यायांत गाव, शिक्षण, श्रम, स्त्रिया, आरोग्य आहेच, शिवाय मत कुणाला द्यावं याबद्दल कडक बोल आहेत. गावाने नीट माणूस निवडला नाही तर तो वार गावावरच फिरतो, अशी तिची समज. पण हेच महाराज 1956 मध्ये भारत साधू समाजाचे पहिले अध्यक्ष झाले, आणि त्या संस्थेमागे गुलझारीलाल नंदा, म्हणजे केंद्र सरकार, होतं. भजनाची ताकद परक्या सरकारने तुरुंगात घातली, स्वकीय सरकारने तिला विकासयोजनेत बसायला जागा दिली. एकत्र बसणाऱ्या गावाला कशासाठी बसवायचं, हे बोलावणाऱ्यावर ठरतं. आजही पुण्यतिथीला, आश्विनाच्या उतरत्या दिवसांत, मोझरीत 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो लोक एकाच वेळी मौन उभे राहतात. एवढी शिस्त लष्करालाही हेवा वाटावा अशी. नेत्यांना तिचं मोल कळतं, म्हणून व्यासपीठावरच्या खुर्च्यांवर दरवर्षी त्यांची नजर असते.

विदर्भाने 1977 नंतरही बाजू बदलली नाही. जुलैमध्ये पराभूत इंदिराबाई पवनारला विनोबांना भेटायला आल्या. जानेवारी 1978 मध्ये त्यांनी काँग्रेस फोडून स्वतःचा पक्ष काढला, आणि पुढच्याच महिन्यात विधानसभेला त्या कोवळ्या पक्षाने महाराष्ट्रात 62 जागा घेतल्या; त्यांतल्या बहुसंख्य विदर्भातून आल्या. दोन्ही काँग्रेसना एकत्र यावं लागलं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि इंदिरा गटाचे, भंडाऱ्याचे नाशिकराव तिरपुडे महाराष्ट्राचे पहिले उपमुख्यमंत्री झाले. तिरपुडे वेगळ्या विदर्भाचे कडवे पुरस्कर्ते. मंत्रालयात बसून त्यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांना सुखाने झोपू दिलं नाही. चार महिने हे चाललं. जुलैत शरद पवार आपले आमदार घेऊन बाहेर पडले, सरकार कोसळलं, आणि 18 जुलै 1978 ला जनता पक्षासह नवं मंत्रिमंडळ शपथेला उभं राहिलं. या सत्तांतरात कुणालाही अटक झाली नाही आणि सोसायट्यांच्या खिडक्यांमागची माणसं जिथल्या तिथे राहिली.